श्यामकांतचे कान

श्यामकांत टिपणीस गिटार वाजवायला बसला की आळीतली कुत्री उठून दुसऱ्या आळीत निजायला जायची, असं खुद्द त्याचे वडीलच सांगायचे. वडील म्हणजे विष्णुपंत, अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात अधिकारी. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि घरात शिस्त अशी की मांजरानंसुद्धा पाय पुसून आत यावं. त्यांच्या पोटी हा असा! खांद्यापर्यंत केस, ढोपरावर फाटलेली पँट आणि हातात विजेवर चालणारी गिटार. ही ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालची गोष्ट. रॉक म्हणतात तसलं संगीत. म्हणजे गाणं इंग्रजी, वाजवणारे चौघं, आणि ऐकणाऱ्याला वाटावं आपल्या छातीत कुणी खलबत्ता कुटतंय. पण वाईट वाजवायचा असं नाही हं. बोटं चांगली होती पोराची. खोटं कशाला बोला.

घरी लवकरच बंदी झाली, म्हणून वाजवायला जायचा उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये. तिथे गोप नावाचा त्याचा सिंधी मित्र ड्रम बडवायचा. गोपच्या वडिलांचं कापडाचं गोडाऊन होतं, चारी भिंतींना छतापर्यंत तागे रचलेले. आतला दणदणाट ते तागे गिळून टाकत, त्यामुळे शेजारी भांडायला यायचे नाहीत.

त्याच गोडाऊनवर बदलापूर गावातून बकुळा यायची. हिरामण आणि जनीची मुलगी. घरी थोडी भातशेती, दोन म्हशी. पोरगी दहावी झालेली. परकरांचं कापलेलं कापड गोडाऊनमधून न्यायचं, घरच्या मशीनवर शिवायचं आणि गठ्ठा बांधून परत आणून द्यायचा, असं तिचं काम. एका दुपारी ती आली तर दार आतून बंद, आणि आत हे चौघं धुमाकूळ घालतायत. तिने दोनदा कडी वाजवली. कोण ऐकतंय? मग तिने गठ्ठा खाली ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि हाक मारली, "ओऽऽ शेऽऽट!"

आत ड्रम थांबला. गिटार थांबली. गोपने दार उघडलं आणि तो तिच्याकडे बघतच राहिला. "साईं," तो मागे वळून श्यामकांतला म्हणाला, "इसको तो माइक भी नहीं लगेगा."

त्या आवाजाचं कारण होतं तिची आई. जनी धवलारीण होती, म्हणजे लग्नातले धवले, विधींची गाणी, म्हणणारी. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो शेवटी, मुहूर्तापुरता. त्याच्या आधीचा सगळा कारभार धवलारणीचा. मांडवात उंबराची फांदी रोवायची तिचं गाणं वेगळं, पाणी आणायचं वेगळं, हळद दळायचं वेगळं, लावायचं वेगळं. तिने एक ओळ म्हटली की पोरीच्या कपाळाला हळद, दुसरी म्हटली की खांद्याला, तिसरी म्हटली की गुडघ्याला. गाणं पुढे सरकेल तसे हात पुढे सरकायचे. गाणं थांबलं की हात थांबले. यातलं काही कुठे लिहिलेलं नाही. जनीला तिच्या आईकडून आलं होतं आणि आता ते बकुळाकडे जायचं होतं. निम्मंअर्धं गेलंही होतं. लहानपणापासून आईच्या मांडीला मांडी लावून बसायची, मागची ओळ धरायची. मांडवातल्या दोनशे माणसांच्या वर आवाज जायला हवा, त्यामुळे तो तसा कमावलेला.

श्यामकांतने तिला गायला सांगितलं. ती लाजली, मग गायली. आईची चाल, हळदीची. त्याने खाली बसून त्या चालीखाली गिटार धरली. गोपने हळूच ताल दिला. आणि काय झालं कोण जाणे, ते जमलं! इंग्रजी गिटार आणि आगरी गळा. पुढची दोन वर्षं ही मंडळी अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, कॉलेजांची गॅदरिंगं, असं वाजवत हिंडली. जनीला कुणी सांगितलं की तुझी पोर हळदीची गाणी स्टेजवर म्हणते, तर ती म्हणाली, "म्हनू दे. गला चालता ऱ्हातो."

पंच्याऐंशी साली दोघांनी लग्न केलं. टिपणिसांच्या घरात सहा महिने कुणी कुणाशी बोललं नाही. लग्न कल्याणला, नोंदणी पद्धतीने. विष्णुपंत सही करण्यापुरते आले. जनीला गायला कुणी बोलावलं नव्हतं. कचेरीबाहेरच्या झाडाखाली ती उभी होती. लेक बाहेर आल्यावर तिने तिच्या गालाला हात लावला आणि तोंडातल्या तोंडात दोन ओळी म्हटल्या, एवढंच. जिने अख्ख्या पंचक्रोशीतल्या पोरी बोहल्यावर चढवल्या, तिच्या पोरीला दोन ओळी.

पुढच्या वर्षी मुंबईला मोठी स्पर्धा झाली. सातशे माणसांचं सभागृह. यांनी वाजवलं, लोक उठून उभे राहिले. बक्षीस मिळालं ते मात्र बँडला नाही. गाणाऱ्या मुलीला. चांदीचा कप होता. घरी येताना तो श्यामकांतने मांडीवर धरला होता. "छान झालं," एवढंच म्हणाला. बकुळाला वाटलं दमला असेल.

चौथ्या दिवशी त्याने सांगितलं, "माझ्या कानात सारखी शिट्टी वाजते. डॉक्टरला दाखवलं मी."

"कवा?" तिच्या तोंडून गावचं निघालं. मग तिने सुधारलं, "कधी? मला का नाही सांगितलंत?"

"तू घाबरली असतीस. पडद्याला धोका आहे म्हणाले. मोठा आवाज बंद करायला हवा."

"म्हणजे गिटार?"

"गिटार, ड्रम, सगळंच."

"आणि माझं गाणं?"

श्यामकांतने काही 'गाऊ नको' म्हटलं नाही. उजव्या कानावर तळहात दाबला, डोळे मिटले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तू गा ना. मी बाहेर जाऊन बसत जाईन."

आता असं म्हटल्यावर कुठली बायको गाईल?

महिन्याभराने गोप घरी आला. श्यामकांत कामावर गेलेला. "भाभी, तू तो आ जा," तो म्हणाला, "गिटारवाला दूसरा मिल जाएगा." बकुळाने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. नवऱ्याचे कान जातायत आणि मी माइकपुढे उभी राहू? लाज नाही वाटत? गोप खाली मान घालून गेला. पुन्हा आला नाही.

तर श्यामकांत चित्रकार झाला, तो असा. कारखान्यात वडिलांनी त्याला नकाशे उतरवून काढायच्या कामाला चिकटवलं होतं, त्यामुळे पेन्सिल हातातलीच होती. केस कापले, दाढी वाढवली. घरातली पुढची खोली त्याची झाली. विष्णुपंतांनी पेपर वाचायची खुर्ची मागच्या गॅलरीत नेली. पहिली सात-आठ वर्षं नुसती काळी वर्तुळं काढायचा. लहान वर्तुळ, मोठं वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ. शेजारच्या वैद्यांनी एकदा विचारलं, "हे उलटं लावलंय का हो?" श्यामकांत म्हणाला, "ही शांतता आहे." विष्णुपंत गॅलरीतून ओरडले, "आधी लोकांचे कान किटवले, आता डोळे किटवतोय!" आणि लगेच जीभ चावली. मोठ्यांदा बोलायचं नव्हतं ना.

कारण घराचं आता हॉस्पिटल झालं होतं, आणि त्याची मेट्रन होती बकुळा. तिने कुकर माळ्यावर टाकला, शिट्टी नको म्हणून. वरण-भात उघड्या पातेल्यात. मिक्सर आणू दिला नाही. चटणी पाट्यावर, तीही पाट्याखाली गोणपाट घालून. परकर शिवायचं काम तिने चालूच ठेवलं होतं. मशीनच्या चारही पायांखाली जुन्या चादरीच्या घड्या घातल्या. दाराच्या घंटीत कापूस कोंबला, त्यामुळे पाहुणे दहा-दहा मिनिटं बाहेर उभे राहायचे आणि आत येऊन म्हणायचे, "घरी नव्हतात का?" स्वतः तर ती अशी चालायची की मागे कधी येऊन उभी राहिली ते सासूला कळायचं नाही. मालिनीबाई दचकायच्या.

मालिनीबाई, म्हणजे सासू, जिभेच्या तिखट, पण डोळे उघडे असलेल्या. एकदा त्या म्हणाल्या, "सूनबाई, परवा मी स्वयंपाकघरात तुझ्याबद्दल वैद्यांच्या मालतीशी कुजबुजले ना, ते त्याला बाहेरच्या खोलीत ऐकू गेलं हो. मला येऊन जाब विचारला त्याने. चांगले तीक्ष्ण आहेत की कान!"

"आई, त्यांना बारीक आवाज चालतो. मोठा चालत नाही."

"असं असतं होय?" मालिनीबाई म्हणाल्या. "कानांचं मला नाही बाई कळत. माणसांचं थोडंफार कळतं."

बकुळाला राग आला. दोन दिवस सासूशी कामापुरतं बोलली.

अठ्ठ्याऐंशी साली मुलगी झाली. नवऱ्याचं पथ्यपाणी कोण बघणार, म्हणून बकुळा माहेरी गेली नाही. जनीच इकडे आली. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची होती. संध्याकाळी पाटावर तांदूळ, लिंबू, सुई-दोरा मांडला. जनी नातीला मांडीवर घेऊन बसली आणि तिने गाणं सुरू केलं. तिचा आवाज काय सांगावा! भांड्याची फळी थरथरली. पुढच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला मात्र, बकुळा बाळंतिणीच्या अंगाने तशीच उठली आणि तिने आईच्या तोंडावर हात ठेवला.

जनीला आधी वाटलं, मस्करी करते. मग हात निघेना, तेव्हा तिने लेकीच्या डोळ्यांत पाहिलं.

"आये, त्यांचे कान," बकुळा कुजबुजली.

जनीने हात बाजूला केला. राहिलेली पाचवी मुक्यानेच झाली. दुसऱ्या दिवशी ती गावी निघाली. जाताना उंबऱ्यात म्हणाली, "बाय, अर्धी गानी तुला यायची हात अजून. सुट्टीला ये, बस माज्यापाशी."

"मला पाठ आहेत गं. मी मनातल्या मनात म्हणते रोज."

"गानी काय मनात म्हनतान?" जनी म्हणाली. "मनात म्हनलेला सगला बरोबरच वाटतं."

बकुळा सुट्टीला जायची, नाही असं नाही. पण दोन दिवस, तीन दिवस. नवऱ्याच्या जेवणाचे हाल होतात. आणि जनीनेही घरी लेकीसमोर पुन्हा गायला तोंड उघडलं नाही. कुठल्या मांडवात बसली असली आणि बकुळा आली, तरी गायची ती दुसरीकडे बघून.

चौऱ्याण्णव साली श्यामकांतला वर्तुळांचा कंटाळा आला. एके दिवशी त्याने बकुळाला पिवळं लुगडं नेसायला सांगितलं, गावच्या पद्धतीने आखूड. खाली पाट ठेवला, पुढे हळदीची परात. म्हणाला, "बस. धवलारीण काढायचीय. तोंड उघड, गाताना उघडतेस तसं."

बकुळाने तोंड उघडलं. सवयीने आत श्वासही घेतला.

"आवाज नको हं," तो म्हणाला.

अशी ती बसायची. तास तास तोंड उघडं, आवाज नाही. जबडा दुखायचा, तोंडात माशी जाईल म्हणून मुलगी पुठ्ठ्याने वारा घालायची. तीन वर्षांत त्याने तिची सतरा चित्रं काढली. आणि ती लोकांना आवडली! खरोखरच चांगली होती. पिवळा रंग असा की हात लावला तर बोटाला लागेल. ठाण्याच्या एका पेपरात फोटो छापून आला. लोप पावत चाललेल्या परंपरेचा चितेरा, असं काहीतरी खाली लिहिलं होतं. विष्णुपंतांनी ते कात्रण खिशात ठेवलं आणि खुर्ची गॅलरीतून परत पुढच्या खोलीत आणली. बकुळालाही बरं वाटलं. एवढं जपलं त्याचं चीज झालं म्हणाली.

सत्त्याण्णवच्या फाल्गुनात जनीला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सगळं समजायचं, डोळे स्वच्छ, पण तोंडातून एक शब्द फुटेना.

पंधरा दिवसांनी बकुळाचा थोरला भाऊ नाथा अंबरनाथला आला. त्याच्या मुलीचं, उमाचं, लग्न वैशाखात ठरलं होतं. चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाला, "बाय, उमाच्या हळदीला तू बस."

"मी?"

"मग कोन? आयची गानी दुसऱ्या कुनाला येतान? म्हातारी गोजरबाय बी म्हनते, जनीच्या नातीची हलद जनीच्याच गान्यानी व्हायला पायजे. आय बी सारखी तुज्या फोटोकडं बोट दावते."

"बसते," ती म्हणाली. "सांग आयेला, बसते म्हणावं."

श्यामकांतला विचारलं. "जा की," तो म्हणाला. "तारीख काय?" निघाली नेमकी त्याच्या प्रदर्शनाची. अंबरनाथलाच एका सभागृहात, सकाळी दहाला उद्घाटन. "मग काय झालं? हळद दुपारी असेल. दोन तास तू इथे थांब, पिवळ्या लुगड्यात. लोकांना बघायचंच असणार ना, चित्रातली बाई कोण ते. मग जा."

महिनाभर तिने उजळणी केली. कशी? ओठांनी. परकर शिवताना, पाट्यावर वाटताना, ओठ हलत असायचे आणि पाय हळूच ताल धरायचे. सगळं येत होतं तिला. फांदीचं आलं, पाण्याचं आलं, हळदीचं आलं. एकदाही अडली नाही.

त्या दिवशी प्रमुख पाहुणे बाराला आले. निवृत्त कलाशिक्षक होते, मोठे गृहस्थ. दिवा लावला, भाषणं झाली. बकुळा पिवळं लुगडं नेसून पेढ्यांचं ताट घेऊन फिरत होती आणि सारखी घड्याळाकडे बघत होती. तिच्या मागे भिंतीवर सतरा बकुळा तोंड उघडून बसलेल्या. पाहुणे एका चित्रापुढे थांबले आणि म्हणाले, "टिपणीस, तुम्ही आधी संगीतात होतात ना? कानांच्या दुखण्यामुळे सोडलंत, असं या पत्रकात लिहिलंय."

श्यामकांत आज खुशीत होता. हसला. "ते आपलं सांगण्यापुरतं हो. कानांना काय धाड भरलीय?" आणि त्याने बकुळाकडे हात केला. "खरं कारण ही. मुंबईला स्पर्धा होती. मी जीव तोडून वाजवलं. पण हिने तोंड उघडलं आणि सातशे माणसांतल्या एकानेही गिटारकडे पाहिलं नाही. बक्षीस हिला. त्या दिवशीच कळलं मला, ही गात राहिली तर आपण जन्मभर हिचे गिटारवाले. म्हटलं, हिच्यापुढे टिकायचं तर काहीतरी बिनआवाजाचं शोधलं पाहिजे!"

सगळे हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एक बाई म्हणाल्या, "किती मोठं मन! बायकोचं असं चारचौघांत कौतुक कोण करतं?" श्यामकांतनेही ते कौतुक म्हणूनच सांगितलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर तसूभर वाईट काही नव्हतं. तेच तर बघवत नव्हतं.

बकुळा म्हणाली, "आणि डॉक्टर?"

"कुठला डॉक्टर?" तो पाहुण्यांकडे बघत हसत हसतच म्हणाला.

मालिनीबाई कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी एकदाच सुनेकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बकुळाने पेढ्यांचं ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं, बाहेर आली आणि रिक्षा केली.

बदलापूर गावात पोचली तेव्हा मांडवात सगळे तिचीच वाट बघत होते. उमा पाटावर बसलेली, हातात सुपारी. समोर परात. बाजूला खाटेवर जनीला उशांना टेकवून बसवलं होतं. लेक पिवळ्या लुगड्यात आलेली बघून तिच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं.

बकुळा पाटाशेजारी बसली. सुरुवात केली. अकरा वर्षांनी आवाज बाहेर काढला, तो आधी फाटला, गंजलेल्या कडीसारखा. पोरं फिदीफिदी हसली. नाथाने डोळे वटारले. दुसऱ्या गाण्याला थोडा सुटला. फांदीचं झालं, पाण्याचं झालं. बायका हळदीच्या वाट्या घेऊन पुढे सरकल्या. तिने हळदीचं गाणं उचललं. पहिली ओळ, कपाळ. दुसरी ओळ, खांदे. तिसरी, चौथी. सहावी म्हटली आणि पुढे काही नाही.

म्हणजे ओठ हलले. महिनाभर हलत होते तसेच हलले. पण त्यांच्यात शब्द नव्हता. कधी गळला कोण जाणे; दोन वर्षांपूर्वी, सहा वर्षांपूर्वी. मनात म्हणताना तिथे ती नुसती चाल म्हणून पुढे जात होती आणि तिला ते कळलंच नव्हतं.

तिने पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पुन्हा सहावीला अडली. पाच सवाष्णी हळदीने भरलेले हात हवेत धरून उभ्या. उमा मान वर करून आत्याकडे बघतेय. खाटेवर जनीचा डावा हात चादरीवर आपटू लागला, ताल देत होती ती, तोंड वेडंवाकडं होत होतं, लाळ गळत होती. शब्द तिथे होता. सगळ्यांना दिसत होतं की तिथेच आहे.

"आत्याला येत नाय," कुणीतरी पोर म्हणालं.

तिसऱ्यांदा अडली तेव्हा नाथाचा मेव्हणा उठला. मुंबईला राहणारा, हुशार माणूस. "असू द्या, असू द्या," म्हणाला, "माझ्याकडे कॅसेट आहे. धवल्याचीच आहे." टेपरेकॉर्डर तयारच होता, वरातीच्या गाण्यांसाठी आणलेला. बटण दाबलं. मांडवात कुणा परक्या बाईचा गोड आवाज सुरू झाला, मागे इलेक्ट्रिकची पेटी, मधेच ढोलकी.

म्हातारी गोजरबाई ओरडली, "अरे, ही आपली नायत! यांचा देव येगला, यांची नदी येगली!"

"चालतं गो आते," कुणीतरी म्हटलं, "हलद सुकतेय."

आणि हात पुन्हा हलायला लागले.

बकुळा पाटावरून उठली, खाटेपाशी खाली बसली. जनीने तिच्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे तोंड करून ती कॅसेट ऐकत राहिली.

लग्न पार पडलं. बकुळा अंबरनाथला परतली नाही. चौथ्या दिवशी सकाळी श्यामकांत आला. खांद्याला झोळी, तोंडावर अजून प्रदर्शनाचा आनंद.

"अगं, न सांगता निघालीस. लोक विचारत होते तुला. चार चित्रं गेली, माहितीये? आणि पुण्याला बोलावलंय."

बकुळा ओट्यावर तांदूळ निवडत होती. "अकरा वर्षं मी कुकर लावला नाही," ती म्हणाली.

"मी सांगितलं होतं का लावू नको म्हणून?" त्याला खरंच नवल वाटलं होतं. "बकुळा, आठव. मी तुला कधीतरी, एकदा तरी, गाऊ नको म्हटलं का?"

ती आठवायला लागली. मोठी सरळ बाई. सूप मांडीवर ठेवून अकरा वर्षं चाळून आली. नव्हताच म्हणाला. एकदाही नाही. कानावर हात ठेवला होता, डोळे मिटले होते, खुर्ची सरकवली होती. आईच्या तोंडावर हात तिने स्वतःच्या हाताने ठेवला होता.

"नाही, कधीच म्हणाला नाहीत," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

जनी खाटेवर पडली होती. बकुळाने तिला उशीला टेकवलं, तोंड पुसलं आणि तिच्यासमोर बसून हळदीचं गाणं पहिल्यापासून घेतलं. चार दिवस हेच चाललं होतं. सहाव्या ओळीनंतर ती अंदाजाने एखादी ओळ जोडून बघायची. जनीचा डावा हात लगेच हलायचा. नाही. बकुळा दुसरी घालायची. नाही. "मंग काय गो आये? नदीचं हाय का? बहिनीचं नाव येतं का तिथं?" हात नुसता हलायचा. चुकीचं काय ते जनीला सांगता येत होतं. बरोबर काय ते सांगता येत नव्हतं.

गोजरबाईला विचारून झालं होतं. तिला दोन ओळी आठवल्या, पण त्या फांदीच्या निघाल्या. नदीपलीकडच्या एका धवलारणीकडे नाथा जाऊन आला होता. ती म्हणाली, माझी गानी माझ्या गावची. जनीची जनीलाच ठाव.

दारात सावली पडली म्हणून बकुळाने वर पाहिलं. श्यामकांत उंबऱ्यावर उकिडवा बसला होता. झोळीतून वही काढलेली, पेन्सिल चालू झालेली. म्हातारीचा वर उचललेला डावा हात, समोर लेकीचं उघडं तोंड; त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"जरा तसाच राहू दे तो हात," तो हळूच म्हणाला. "दोनच मिनिटं. हलवू नका."

जनीने जावयाकडे पाहिलं. मग लेकीकडे.

बकुळा उठली. तिने दाराची एक फळी लावली, मग दुसरी लावली आणि आतून कडी घातली. बाहेरून एकदा "बकुळा?" अशी हाक आली, मग एकदा "अगं!" अशी. ती परत येऊन आईसमोर बसली. मोठा श्वास घेतला आणि सगळ्या घराला, ओट्याला, पलीकडच्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सुरुवात केली. सहा ओळी नीट गेल्या. सातवी तिने नवीन लावून पाहिली.

जनीचा हात हलला. नाही.